मोठी माणसं काल्पनिक पात्रांचे वेश का करतात? (कॉस्प्ले आणि आपण)

मेतकूट

माझा भाचा बँकेत आहे. संध्याकाळी घरी येतो, चहा घेतो आणि बाल्कनीत हीट गन (गरम हवा फेकणारं हत्यार) घेऊन बसतो. चिलखत करतोय. फोमचं. कुठल्याशा व्हिडिओ गेममधला सरदार आहे म्हणे. यंदाच्या कॉमिक कॉनला, म्हणजे चित्रकथा-सिनेमा-गेमवाल्या चाहत्यांच्या मेळाव्याला, ते घालून जाणार. बहिणीचं म्हणणं, "मुली बघायच्या दिवसांत हा खांद्याला शिंगं लावतोय."

मला राग नाही, पण कोडं पडलंय. पैसे मिळत नाहीत, आत उकडतं, धड बसता येत नाही, जेवायचं तर दुसऱ्याने भरवावं लागतं. लहान मुलांचं समजू शकते. शिकल्यासवरल्या, कमावत्या माणसाला यात नेमकी काय मजा येते? ज्यांनी केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. टिंगल नको, ती घरात भरपूर चाललीय.

उंडगा

मी पयला.
डोक्यावर गृहकर्ज नसलं की माणसाला असं सुचतं. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

सुईदोरा

मी करते, पुण्यात. नोकरी वेगळीच आहे, हा फक्त नाद.

लोकांना दिसतो तो घालून मिरवायचा दिवस. आमच्या लेखी तो शेवटचा आणि बराचसा त्रासाचा. खरी मजा आधीच्या महिन्यांत असते. चित्र समोर घेऊन बसलं की कळतं, चित्रकाराने हात झटकलेत. खांद्यावर एवढाले पत्रे काढलेत, पण त्या पात्राला कधी रिक्षात बसायचं नव्हतं, लोकलमध्ये हात वर करून कडी धरायची नव्हती. झगा कशाला अडकवलाय ते कुठल्याच चित्रात नाही. पट्टा समोरून दिसतो, मागे बंद कसा होतो ते देवच जाणे. हे सगळं आपण शोधून काढायचं. मला तरी यातच सगळ्यात जास्त रस आहे. जे कधी अस्तित्वातच नव्हतं ते अंगावर टिकलं पाहिजे, हात हलला पाहिजे आणि तरी चित्रासारखं दिसलं पाहिजे.

काम कसं चालतं ते सांगते. अंगात जुना टीशर्ट घालायचा, त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळायची, त्यावर मास्किंग टेपचे थर. मग मार्करने चिलखताच्या रेघा थेट अंगावर काढायच्या. पाठीवरून कात्री चालवायला विश्वासातलं माणूस हवं, माझ्याकडे हे काम आई करते आणि करताना बोलते. ते टेपचं कवच रेघांवरून कापून टेबलावर सपाट पसरलं की तुमच्या मापाचा कागद तयार. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे एका मिनिटात समजतं, कारण टक्स जिथे द्यायचे तिथेच द्यावे लागतात.

फोम म्हणजे लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून अंथरतात ना, त्या मॅट. ईव्हीए फोम. कटरचं पातं सारखं बदलायचं, बोथट झालं की फोम कापला न जाता कुरतडला जातो. हीट गन फिरवली की वरची छिद्रं मिटतात आणि थोडी तुकतुकी येते. गरम आहे तोवर गुडघ्यावर दाबून धरायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही, मग तो बाक कायमचा. जोडायला रबरी गम, मी फेविबाँड वापरते. दोन्ही कडांना लावायचा आणि हाताला चिकटेनासा झाला की मगच जोडायचं. घाई केली तर धरत नाही, आणि एकदा धरलं की सरकवता येत नाही. हाच गम थर्मोकोलला लावलात तर थर्मोकोल खाऊन टाकतो. मखरं करणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं.

मग पातळ केलेल्या फेविकॉलचे हात, मग रंग. शेवटी सगळीकडे काळा रंग फासायचा आणि ओला असतानाच पुसून घ्यायचा. खाचांत राहतो तेवढाच राहू द्यायचा. त्या पाच मिनिटांत मॅटचं लोखंड होतं. मी अजून दर वेळी आईला हाक मारून दाखवते.

@मेतकूट, बाल्कनीत बसतो ते उत्तम. गमाचा आणि तापलेल्या फोमचा वास बंद खोलीत घेऊ नये. घासताना मास्क लावायला सांगा.

अर्धाकप

सुईदोरा, झक्कास प्रतिसाद. शेवटचा परिच्छेद वाचून हीट गनच्या किमती बघून आलो.

दादरकर_जुना

आमच्या वेळी फॅन्सी ड्रेस असायचा. वर्गात सात शिवाजी महाराज, चार झाशीच्या राण्या, दोन टिळक आणि ज्यांच्या आयांना भाड्याचे ड्रेस मिळाले नाहीत ते भाजीवाले. माझा टोमॅटो केला होता. लाल सॅटिन, डोक्यावर हिरवं देठ, पाठ केलेली पाच वाक्यं. तिसऱ्या वाक्याला भोकाड पसरलं आणि उत्तेजनार्थ मिळालं. तेव्हापासून वेश म्हटलं की अंगाला खाज सुटते.

सुईदोरा

@दादरकर_जुना, तुम्ही कुठे टोमॅटो झालात? तुम्हाला टोमॅटो केलं! पात्र आईने निवडलं, वाक्यं बाईंनी लिहिली, बक्षीस परीक्षकांनी दिलं. आमच्यात पहिली अट हीच, की पात्र आपलं आपण निवडायचं. आवडत नसलेल्या पात्रासाठी कोण रात्री जागून कडा घासेल?

तिरफळ

नवीन काही नाही हो यात. आमच्या सिंधुदुर्गात तुळशीची लग्नं झाली की जत्रा सुरू होतात आणि दशावतारी कंपन्या बाहेर पडतात. दिवसा बागेत फवारणी करणारा, रिक्षा चालवणारा माणूस रात्री राजा होऊन येतो. रंगवायला दुसरा कोणी नसतो, ज्याने त्याने समोर आरसा ठेवून आपलं तोंड आपणच रंगवायचं. पुरुषच स्त्रीपार्ट करतात, आणि असं करतात की बायका नऊवारीच्या निऱ्या बघायला पुढे सरकतात. हातात लिहिलेली संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरतं, संवाद तिथल्या तिथे. पूर्वरंगात गणपती येतो, संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची उडवतो, मग आख्यान पहाटेपर्यंत.

एक बघितलेलं सांगतो. रंगपटात एक नट बिडी ओढत बाकड्यावर बसलेला, मुकुट मांडीवर. मुलाच्या फीबद्दल बोलत होता. मुकुट चढवला, आरशात बघितलं आणि मान वेगळीच झाली. मघाचा माणूस चालतो तसा तो चाललाच नाही. मुकुट जड असतो, मान खाली घातली तर पडतो, म्हणून ताठ ठेवावीच लागते. पण बघणाऱ्याला तो राजाच वाटतो. मला वाटतं निम्मी जादू ही असली असते. वेश शरीराला वळण लावतो, मन मागून येतं.

शिमग्यातली सोंगं, दारावर पोलीस होऊन वॉरंट काढणारा बहुरूपी, जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, हे सगळं आपलंच. इंग्रजी नाव आलं की एकदम कौतुक वाटायला लागतं.

अर्धाकप

मुकुटाचं निरीक्षण लाख मोलाचं. पण 'आपल्याकडे हे आधीपासून होतंच' याला बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत) म्हणता येत नाही. बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे घेऊन सांबळाच्या तालावर नाचतात, बरोबर. पण अमुक घराकडे अमुक सोंग असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. 'यंदा मला कंटाळा आलाय, मी दुसरंच काहीतरी होतो' हे चालत नाही, कारण तो देवाचा मान आहे. बहुरूप्याचं तर त्यावर पोट आहे. लोकांनी सुपातलं पसाभर दिलं तर त्याची चूल पेटणार. हौस म्हणून वेश घेणाऱ्या पगारदार मुलाची त्याच्याशी बरोबरी केली की बहुरूप्याचे हाल दिसेनासे होतात. बहुरूपी दारात आला की आपण दार लावतो आणि कॉस्प्लेवाल्यासोबत सेल्फी काढतो, हेही या धाग्यात नोंदवलेलं बरं.

तिरफळ

@अर्धाकप, शेवटचं वाक्य लागलं. मान्य. पण हौसेचं म्हणाल तर दशावतारातल्या नटाला तरी कुठे मोठी बिदागी मिळते? नाद असल्याशिवाय रात्र रात्र कोणी उभं राहत नाही.

जुनीवही

थोडा इतिहास टाकतो, कारण हे फॅड जपानातून आलं असा बऱ्याच जणांचा समज असतो.

१९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा बावीस वर्षांचा पोरगा आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस (संमेलनाच्या वर्तुळात तिला मोरोजो म्हणत) भविष्यकाळातले कपडे घालून आले. झगा, फुगीर विजार, असं. दोन्ही पोशाख तिने शिवले होते. बाकी सगळे कोट-टायमध्ये. अ‍ॅकरमन तसाच शहरात फिरला आणि रस्त्यातली पोरं त्याला फ्लॅश गॉर्डन, बक रॉजर्स अशा तेव्हाच्या चित्रकथांतल्या अंतराळवीरांच्या नावाने हाका मारायला लागली, ही आठवण तो पुढे सांगत असे. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम ठेवावा लागला. नाव अ‍ॅकरमनचं झालं, सुई चालवणारी मर्टल मात्र फार वर्षं तळटीपेतच राहिली.

जपानात टोकियोचं कॉमिकेट (चित्रकथाप्रेमींचा मेळावा) १९७५ ला सुरू झालं, तिथे हे वाढलं. त्यांची शिस्त बघण्यासारखी आहे. घरून वेश करून यायचं नाही, तसंच घरीही जायचं नाही. चाकांच्या बॅगा ओढत यायचं, तिथल्या खोलीत कपडे बदलायचे, आणि निघताना पुन्हा साधा माणूस. नागोयाला २००३ पासून जागतिक कॉस्प्ले संमेलन भरतं, २००५ पासून त्यात स्पर्धाही असते. आपल्याकडचा पहिला कॉमिक कॉन २०११ ला दिल्ली हाटला झाला, त्याच वर्षी मुंबईतही सुरुवात झाली.

कातरवेळ

मुंबईत शिस्तबिस्त काही नाही. मी अर्धा वेश घालून विरारहून निघते. डब्यात बायका विचारतात, "नाटक आहे का ग?" मी हो म्हणते. एकदा एका मावशींनी माझा झगा दारात अडकू नये म्हणून अंधेरीपर्यंत मांडीवर घेतला होता.

मजा का येते ते सांगते, पण आधी दुसरी बाजू. बाई असाल तर 'फोटो काढू का' हे विचारण्याआधी कमरेवर हात आलेला असतो. पात्राचे कपडे तोकडे, म्हणून पात्राशी आणि पर्यायाने माझ्याशी काहीही चालतं असं काही जणांना वाटतं. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ ला मोठे फलक लावले होते, वेश म्हणजे संमती नव्हे, या अर्थाचे. तसे सगळीकडे हवेत आणि फलकाखाली स्वयंसेवकही उभा हवा. मी आता कायम मैत्रिणीला घेऊन जाते. ती वेश करत नाही. पाण्याची बाटली, सेफ्टी पिना, गम आणि जरबेचे डोळे हे तिचं सामान.

दुसरं म्हणजे फोटोखालच्या कमेंटा. "पात्र गोरं आहे, तू सावळी." "जाड आहेस." अहो, त्या पात्राचे केस जांभळे आहेत आणि ते उडतं, ते चाललं तुम्हाला. माझा रंग तेवढा अडला.

एवढं असून का जाते? घरी आणि हापिसात मी कुणाची तरी कोणीतरी असते. ताई, मॅडम, सूनबाई. यातलं एकही मी निवडलेलं नाही. तिथे मी जे होते ते मी निवडलेलं असतं. आणि मी निवडते ती सगळी भांडकुदळ पात्रं असतात, हा काही योगायोग नाही.

ऑम्लेट_पाव

कातरवेळ +१००. जांभळ्या केसांच्या वाक्याला साष्टांग नमस्कार.

पारदर्शी

मानसशास्त्रात यावर काम झालंय. २०१७ साली चाइल्ड डेव्हलपमेंट या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांवर. संगणकावरचं एक कंटाळवाणं काम दहा मिनिटं करायचं, शेजारी आयपॅडवर गेम ठेवलेला, वाटलं तर तिकडे जा. काही मुलांना स्वतःला 'मी नीट काम करतोय का?' असं विचारायला सांगितलं, काहींना स्वतःचं नाव घेऊन तोच प्रश्न विचारायला सांगितला, आणि काहींना बॅटमन वगैरे पात्राचं काहीतरी अंगावर देऊन 'बॅटमन नीट काम करतोय का?' असं. तिसऱ्या गटाची मुलं कामाला सगळ्यात जास्त वेळ चिकटून राहिली. म्हणजे पात्र झाल्याने आपण आपल्याकडे जरा लांबून बघतो, आणि तेवढ्याने चिकाटी वाढते.

मोठ्यांवरही आहे. २०१२ चा अ‍ॅडम आणि गॅलिन्स्की यांचा प्रयोग. डॉक्टरांचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातला की लक्ष चांगलं लागतं.

अर्धाकप

पारदर्शी, कोटवाल्या लेखातला पहिला प्रयोग दुसऱ्यांनी २०१९ ला जास्त माणसं घेऊन पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तेव्हा मोठ्यांबाबत जरा जपून. मुलांचा अभ्यास छान आहे, पण तो चिकाटीबद्दल आहे, मजेबद्दल नाही. त्यापेक्षा तिरफळ यांचा मुकुट मला जास्त पटतो.

पारदर्शी

मान्य. तरी 'लांबून बघणं' हे मला महत्त्वाचं वाटतं. लाजाळू माणसाला "तू बोल" म्हटलं की दातखीळ बसते. "तो सरदार काय बोलेल ते बोल" म्हटलं की सुटतो, कारण हसं झालंच तर सरदाराचं होणार.

मेतकूट

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. भाच्याला धागा वाचायला दिला. तो मुळात कमी बोलतो. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची पकडणारा.

वाचून म्हणाला, "मावशी, बँकेत माझ्या गळ्यात नावाचं कार्ड असतं तरी लोक 'ओ तीन नंबर' म्हणतात. तिथे तोंड झाकलेलं असतं आणि पार लांबून कोणीतरी नावाने ओरडतं." म्हटलं, ते नाव तुझं कुठे आहे, त्या सरदाराचं आहे. तर म्हणतो, "हो, पण ओरडणाऱ्याने तोच गेम रात्री जागून खेळलेला असतो. मला काय आवडतं ते त्याला आधीच माहीत असतं. गाव कुठलं, पॅकेज किती, हे सगळं वगळून आम्ही थेट मुद्द्यावर येतो."

आणि म्हणे मुखवटा घालून तो अनोळखी मुलींशीही बोलतो. हे मी बहिणीला ताबडतोब कळवलंय.

दादरकर_जुना

आता शिंगांना विरोध राहणार नाही!

उंडगा

थट्टा पुरे, आता खरा आक्षेप. ही सगळी पात्रं कुणाची? अमेरिकन आणि जपानी कंपन्यांची. तुम्ही घाम गाळून, स्वतःच्या खिशातून खर्च करून त्यांची जाहिरात करता, वर तिकीट काढून आत जाता. मराठी पात्र कुठे दिसतं? नाद करा, पण निदान आपला करा.

जुनीवही

जाहिरातीचं खरं आहे, पण ते एवढ्यावर संपत नाही. स्टार वॉर्समधल्या शिपायांचे वेश करणारी ५०१ लीजन नावाची संघटना आहे, १९९७ ला अमेरिकेत सुरू झाली. सभासद व्हायचं तर वेश पडद्यावरच्यासारखा हुबेहूब लागतो, बारीकसारीक तपशील तपासतात. एवढं करून ही मंडळी रुग्णालयात मुलांना भेटायला जातात, मदतनिधीच्या कार्यक्रमांत उभी राहतात, फुकट. तीही सिनेमातली खलनायकाची फौज! कंपनीने हे करायला सांगितलं नव्हतं. पात्र एकदा लोकांच्या हातात गेलं की लोक त्याचं काय करतील ते मालकाच्या हातात राहत नाही.

सुईदोरा

मराठी पात्रांचं मीही शोधून पाहिलंय. अडचण अशी, की वेश करायला पात्र कपड्यांवरून ओळखू यायला हवं. आपली लाडकी पात्रं बहुतेक कानांतून लक्षात राहिलेली आहेत. अंतू बर्वा डोळ्यांसमोर आणा. दिसतो का? ऐकू येतो. सखाराम गटणेचं तेच. तो वाक्याला ओळखू येतो, शर्टाला नाही. फास्टर फेणे सायकल घेऊन 'टॉक्क' करत आला तर जमेल, पण पंचविशीच्या आतल्यांना ते सांगावं लागेल, आणि सांगावं लागलं की संपलं. चिंटू चित्रातला आहे, पण मोठ्या माणसाने चिंटू होणं अवघड. त्या मानाने हिंदीतला शक्तिमान बघा. १९९७ ला दूरदर्शनवर आला, लाल पोशाख, छातीवर सोनेरी चक्र, एक बोट वर करून गिरकी. अजून कोणी त्या वेशात आलं की चाळिशीतले बाबालोक पोरांना बाजूला सारून स्वतः फोटो काढून घेतात.

तेव्हा दोष आमचा नाही, आमच्यासाठी कोणी काढलंच नाही. मराठीत चित्रकथा भरपूर येऊ द्या, शिवायला मी बसलेलीच आहे.

ऑम्लेट_पाव

नारायण करता येईल की. लग्नघरात घाम पुसत धावणारा. खरं तर प्रत्येक मांडवात एक जण करतोच, तिकीट न काढता.

उंडगा

सुईदोरा, मुद्दा पटला. जाहिरातीबद्दलचं माझं मत मात्र कायम.

निवृत्त_६३

नवीन सभासद आहे. वयाची अट असते का? माझी पांढरी दाढी खरी आहे, पण आखूड. एका लांब दाढीच्या जादूगाराचा वेश करावा असं नातीच्या डोक्यात आहे. तीही सोबत असणार. झगा बायको शिवून देते म्हणते. दाढी लांब करायला काय लावतात? आणि ती दिवसभर टिकते का?

कातरवेळ

वयाची अट अजिबात नाही काका, उलट तुमच्याभोवती गर्दी होईल. झगा घोट्याच्या वर ठेवायला सांगा, सरकत्या जिन्यात अडकतो. आणि नातीच्या डोक्यात रंगीत काँटॅक्ट लेन्स असल्या तर त्या ऑनलाइन स्वस्तातल्या नको, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

तिरफळ

@निवृत्त_६३, दाढीचं मी सांगतो. नाटकवाल्यांकडे स्पिरिट गम मिळतो. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, खाज आली नाही तरच तोंडाला. खऱ्या दाढीवर गम लावू नका, निघताना केस घेऊन निघतो. त्यापेक्षा जाळीवर विणलेली तयार दाढी घ्या, तिची वरची कड गालावर, दाढीच्या वरच्या मोकळ्या त्वचेला चिकटवा आणि हनुवटीखाली इलॅस्टिक कानांमागून न्या. घाम आला की मिशीखालून सुटते, म्हणून खिशात गमाची बाटली आणि छोटा आरसा ठेवा. जेवण दाढी लावायच्या आधी उरकून घ्या. उतरवताना ओढायची नाही, खोबरेल तेलात भिजवलेला कापूस कडेला धरून ठेवायचा, सावकाश सुटते.